स्वसंरक्षण शिकायचंय? आधी सरावातला जोडीदार बघा

जूनमध्ये शाळा उघडल्या की सोसायट्यांच्या फाटकांवर कराटे, तायक्वांदो, किकबॉक्सिंगच्या क्लासचे फलक लागतात आणि ओळखीचे पालक विचारू लागतात, ‘मुलीला कशात घालू?’ अलीकडे स्वतःसाठी विचारणाऱ्या बायका आणि चाळिशीतले पुरुषही वाढले आहेत. सगळ्यांना प्रकाराचं नाव हवं असतं. मी नाव सांगत नाही. क्लासला जा, कडेला तासभर बसा आणि एकच गोष्ट बघा, असं सांगतो. तिथली मुलं एकमेकांशी खरोखर झटतात का? समोरचा हिसडे देतोय, पाय रोवून उभा आहे, आपल्याला हवं ते करू देत नाहीये, अशा वेळी शिकलेला डाव वापरून बघायची पाळी प्रत्येकावर दर आठवड्याला येते का? येत असेल तर तो क्लास कुस्तीचा असो, जूदोचा असो की बॉक्सिंगचा, बिनधास्त नाव घाला. येत नसेल तर कमरेला कुठल्याही रंगाचा बेल्ट बांधा, प्रसंग ओढवल्यावर तो कामाला येणार नाही.

मनगट सोडवण्याचा डावच घ्या. कुठल्याही शिबिरात तो पहिल्या अर्ध्या तासात शिकवतात. धरणाऱ्याची चार बोटं एका बाजूला आणि अंगठा दुसऱ्या बाजूला असतो. अंगठ्याचं टोक बोटांना भिडतं तिथे पकड सगळ्यांत कच्ची. आपल्या मनगटाची अरुंद कड त्या फटीकडे वळवायची आणि झटक्यात हात काढून घ्यायचा. तत्त्व अगदी बरोबर आहे. शिबिरात जोडीदार गालात हसत, सैलसर धरतो आणि दर वेळी हात सुटतो. आता त्यालाच सांगा, ‘दोन्ही हातांनी घट्ट धर आणि मला दारापर्यंत ओढत ने.’ बहुतेकांचा डाव इथेच संपतो. तोल गेलेला असतो, खांदा ताणलेला असतो, कोपर सरळ झालेलं असतं आणि एकट्या मनगटाच्या बळावर दोन हातांची पकड काही सुटत नाही. अशा वेळी तो ओढतोय त्याच दिशेला एक पाऊल आत टाकायचं, म्हणजे ताण सैल पडतो. कोपर वाकवून स्वतःच्या पोटाजवळ आणायचं, मोकळ्या हाताने आपलीच मूठ धरायची आणि कंबर वळवून अख्ख्या अंगाच्या वजनाने, अंगठ्याच्या बाजूने हात उपसायचा. सुटला की तिथे उभं राहायचं नाही, पळायचं. हे सांगायला चार वाक्यं पुरली. अंगात मुरायला काही महिने लागतात आणि ते महिने घट्ट धरणाऱ्या जोडीदाराबरोबरच घालवावे लागतात.

ही गोष्ट जपानमध्ये नीट ओळखली ती जिगोरो कानो यांनी. १८८२ साली, वयाच्या एकविसाव्या वर्षी, त्यांनी टोकियोत कोदोकान ही जूदोची शाळा काढली. जुजुत्सू या जुन्या जपानी युद्धकलेत डोळ्यांत बोटं घालणं, सांधे उखडणं असे कितीतरी जहाल प्रकार होते. ते जोडीदारावर पूर्ण जोराने करता येत नसत, म्हणून बराचसा सराव ठरवून दिलेल्या हालचालींचाच होई. कानोंनी असले प्रकार लढतीच्या सरावातून काढले आणि पूर्ण ताकदीने, रोज, जोडीदाराला जायबंदी न करता करता येतील असे डाव ठेवले. या मोकळ्या झुंजीला ‘रांदोरी’ म्हणतात. वरवर पाहता त्यांनी कला सौम्य केली, पण प्रत्यक्षात तिच्यात दम भरला. रोज शंभर टक्के जोर लावून केलेला साधा डाव, कधीच जोर न लावलेल्या ‘प्राणघातक’ डावापेक्षा भरवशाचा असतो. म्हणूनच ‘आमचे डाव इतके घातक आहेत की सराव करता येत नाही’ असं कुणी सांगितलं, तर तो क्लास सोडून पुढे चला.

आपल्याकडे हे शहाणपण तालमीत आधीपासून आहे. कोल्हापूरच्या किंवा पुण्याच्या कुठल्याही तालमीत पहाटे गेलात तर हौद्यात पोरं एकमेकांना भिडलेली दिसतील आणि वस्ताद कडेवरून ओरडत असतील. ढाक, कलाजंग, एकेरी पट हे डाव तिथे समोरच्याने सोडवू पाहिले तरी बसेपर्यंत घोटले जातात. स्वसंरक्षणाच्या चर्चेत कुस्तीचं नाव क्वचित निघतं याचं मला मनापासून वाईट वाटतं. खाशाबा जाधवांनी १९५२ साली हेलसिंकीला कांस्यपदक आणलं, स्वतंत्र भारताचं ते पहिलं वैयक्तिक ऑलिंपिक पदक. ज्या मातीतून ते आलं, ती माती सोडून आपण दूरदेशीचे गुप्त डाव शोधत फिरतो. धरलं तर सुटणं, ढकललं तर उभं राहणं आणि हवं तेव्हा समोरच्याला पाडणं, या तिन्ही गोष्टी वर्षभर कुस्ती केलेल्या मुला-मुलींना येतात. आता मुलींनाही घेणाऱ्या तालमी आणि गादीवरची केंद्रं आहेत. गावाजवळ असेल तर आवर्जून चौकशी करा.

अर्थात प्रत्येक खेळ आपापल्या नियमांच्या सवयी अंगाला लावतो आणि त्या ओळखून घ्याव्या लागतात. चीत होऊ नये म्हणून कुस्तीगीर पोटावर पालथा होतो. रस्त्यावर पालथं होणं म्हणजे पाठ देणं. गुणांवर चालणाऱ्या कराटेत एक फटका बसला की पंच थांबवतो, त्यामुळे फटक्यानंतर क्षणभर थबकण्याची सवय लागते. क्योकुशिनमध्ये अंगावर पूर्ण जोराचे ठोसे चालतात, पण ठोसा तोंडावर मारायची मनाई असल्याने हात खाली राहतात. स्पर्धेच्या तायक्वांदोत बहुतेक गुण लाथांना असतात, म्हणून तिथेही हात पडतात. जुजुत्सूच्या ब्राझीलमध्ये वाढलेल्या प्रकाराने १९९३ च्या पहिल्या यूएफसी या मिश्र झुंजींच्या स्पर्धेत धमाल उडवली. शरीराने इतरांपेक्षा किरकोळ असलेल्या रॉयस ग्रेसीने एकेकाला जमिनीवर नेऊन हार पत्करायला लावली. खाली पडल्यावर काय करायचं हे त्यातून छान कळतं, पण डांबरी रस्त्यावर आपण होऊन खाली जाऊ नये. समोरच्याचा मित्र लाथ मारायला उभाच असतो. त्यातून उचलायचं ते पटकन उठून उभं राहण्याचं तंत्र. कमी वेळात जास्त हाती लागावं अशी इच्छा असेल तर मी बॉक्सिंग सुचवतो. तोंडावर काहीतरी येतंय हे बघूनही डोळे उघडे ठेवणं आणि अंतर ओळखणं, या दोन गोष्टी त्यात सहा महिन्यांत येतात आणि त्या शिकवायला दुसरा सोपा रस्ता माझ्या पाहण्यात नाही.

मर्दानी खेळांबद्दल बरेचजण विचारतात. लाठी, बोथाटी, दांडपट्टा यांनी खांदे, मनगट आणि पदन्यास सुरेख तयार होतात आणि हा वारसा जपायलाच हवा. पण बसच्या गर्दीत हातात लाठी नसते. मर्दानी खेळ खेळासाठी, परंपरेसाठी शिका आणि त्याच्या जोडीला आठवड्यातून दोन दिवस तरी हातघाईची लढत ठेवा.

पहिल्या महिन्यात मात्र प्रकार कोणताही असो, पडायला शिका. मारामारीत माणसं दगावतात ती बरेचदा ठोशाने नव्हे, ठोशानंतर डोकं फरशीवर आपटल्याने. जूदोत पडण्याच्या तंत्राला ‘उकेमी’ म्हणतात आणि नवख्याकडून आधी तेच करून घेतात. उकिडवं बसायचं, हनुवटी छातीला टेकवून नजर स्वतःच्या बेल्टच्या गाठीवर ठेवायची आणि पाठ गोल करून मागे लोळायचं. दोन्ही हात अंगापासून थोडे दूर, तळवे खाली, पाठीबरोबरच मॅटवर आपटायचे. हनुवटी सुटली की डोकं मागे आपटतं, म्हणून गाठीवरची नजर हलू द्यायची नाही. आणि मागे हात टेकून स्वतःला सावरू बघायचं नाही, कारण मनगटाचं हाड मोडतं ते तिथेच. मॅटवर महिनाभर हे घोटलं की ते अंगवळणी पडतं. गुंड आयुष्यात कदाचित कधीच भेटणार नाही, पण न्हाणीघराची ओली फरशी साठीनंतर सगळ्यांनाच भेटते. त्यासाठीसुद्धा हा महिना वसूल आहे.

मारण्याबद्दल थोडक्यात सांगतो. नुसत्या मुठीने डोक्यावर ठोसा मारू नका. कवटी कठीण असते आणि करंगळीच्या मागचं तळहातातलं हाड नाजूक. ते इतकं नेमाने मोडतं की डॉक्टरांनी त्या दुखापतीला ‘बॉक्सर्स फ्रॅक्चर’ असं नावच दिलं आहे. तळहाताची टाच, कोपर आणि गुडघा ही हत्यारं मजबूत आहेत. बोटांच्या बेचक्यात किल्ल्या धरून मारण्याचा सल्ला मोबाइलवर फिरत असतो, त्याने आधी आपलीच बोटं फाटतात. पेपर स्प्रे बाळगत असाल तर तो पर्सच्या तळाशी काय कामाचा? सुनसान रस्त्यावर तो हातात हवा, वाऱ्याची दिशा लक्षात हवी आणि एकदा मोकळ्या मैदानात फवारून बघितलेला हवा. भीतीने छाती धडधडू लागली की बोटांची बारीक कामं जमत नाहीत, नजर अरुंद होते आणि पाच टप्प्यांचा डाव डोक्यातून उडून जातो. दोन-तीनच ढोबळ हालचाली निवडा आणि त्याच घोटत राहा.

चाकूबद्दल मी कडक बोलतो. अमेरिकेतल्या सॉल्ट लेक सिटीचे पोलीस प्रशिक्षक डेनिस ट्यूलर यांनी १९८३ मध्ये मांडलेला हिशेब प्रसिद्ध आहे. माणूस साधारण दीड सेकंदात २१ फूट अंतर कापतो आणि कमरेचं पिस्तूल काढून झाडायलाही पोलिसाला जवळपास तेवढाच वेळ लागतो. हत्यारबंद पोलिसाची ही स्थिती, तर रिकाम्या हाताच्या माणसाचं काय? यूट्यूबवर चाकूचा हात लीलया पिळणारे सर दिसतात, कारण त्यांचा विद्यार्थी एकदाच भोसकतो आणि हात तसाच पुढे ठेवून उभा राहतो. खरा हल्लेखोर हात मागे घेऊन पुन्हा पुन्हा भोसकतो. एक प्रयोग करा. मार्कर पेन घ्या, पांढरा शर्ट घाला आणि जोडीदाराला मनासारखं भोसकायला सांगा. अर्ध्या मिनिटानंतर शर्टावरच्या रेघा मोजा, म्हणजे मी पळा का म्हणतो ते कळेल. पळणं अशक्य असेल तर खुर्ची, दप्तर, स्कूटर, काहीही मध्ये आणा. फोन किंवा पाकीट मागितलं तर देऊन टाका. मोटारसायकलवरून मंगळसूत्र खेचलं तर ते घट्ट धरून ठेवू नका, बायका फरफटत जाऊन जखमी होतात. सोनं पुन्हा घेता येतं.

आता हातघाईच्या आधीचा भाग, जो क्लासमध्ये सगळ्यांत कमी शिकवला जातो. भांडण चढायला लागलं की बहुतेक लोक एकतर हात खाली सोडून उभे राहतात किंवा मुठी आवळतात. दोन्ही चूक. ब्रिटनमध्ये नाइटक्लबच्या दारावर बरीच वर्षं काम केलेल्या जेफ थॉम्पसन यांनी यासाठी एक ठेवण सांगितली, ‘फेन्स’. एक पाय थोडा मागे, दोन्ही हात छातीच्या उंचीवर, तळवे उघडे समोरच्याकडे, आणि तोंडाने ‘जाऊ द्या दादा, चुकलं असेल, मला वाद नकोय.’ बघणाऱ्याला हा माणूस समजूत घालतोय असं दिसतं, उद्या साक्षीदारही तेच सांगतात. पण हात आपल्या तोंडाच्या वाटेवर आधीच आलेले असतात आणि समोरचा अंतर ओलांडून आत आला की लगेच कळतं. रिक्षाच्या धक्क्यावरून, पार्किंगवरून होणारी भांडणं निम्म्याहून जास्त इथेच विझतात, असा माझा अनुभव आहे.

बायका आणि मुलींच्या बाबतीत मात्र चित्र वेगळं आहे. अंधाऱ्या गल्लीतला अनोळखी माणूस डोळ्यांसमोर ठेवून आपण शिकवतो. राष्ट्रीय गुन्हे नोंदणी विभागाचे आकडे वर्षानुवर्षं सांगत आले आहेत की बलात्काराच्या नव्वद टक्क्यांहून अधिक प्रकरणांत आरोपी ओळखीचा असतो. शेजारी, नातेवाईक, मित्र, वरिष्ठ. ज्याला आपण काका, दादा, सर म्हणतो त्याच्यावर कोपर उगारायला हात धजत नाही, आणि अडतं ते तिथेच. कॅनडातल्या शार्लीन सेन आणि त्यांच्या सहकाऱ्यांचा याविषयीचा अभ्यास ‘न्यू इंग्लंड जर्नल ऑफ मेडिसिन’ने २०१५ मध्ये छापला. तीन विद्यापीठांतल्या सुमारे ९०० विद्यार्थिनींपैकी निम्म्यांना १२ तासांचं प्रशिक्षण दिलं, बाकीच्यांना माहितीपत्रकं. वर्षभरानंतर माहितीपत्रकं मिळालेल्या गटात बलात्काराचं प्रमाण ९.८ टक्के होतं आणि प्रशिक्षित गटात ५.२ टक्के. त्या बारा तासांत मारायचे-सोडवायचे डाव जेमतेम एका सत्रापुरते होते. बाकीचा वेळ ओळखीच्या माणसाच्या वागण्यातला धोका लवकर ओळखणं, त्याला वाईट वाटेल हा संकोच बाजूला सारणं आणि स्वतःला काय हवं-नको ते पक्कं करणं, यावर गेला.

म्हणून मी आग्रहाने सांगतो की ओरडण्याचासुद्धा सराव करा. आपल्या मुलींना ‘हळू बोल’ असं लहानपणापासून ऐकवलेलं असतं आणि ऐन वेळी तोंडातून आवाज फुटत नाही. क्लासमध्ये, मॅटवर, जोडीदार अंगावर येत असताना पोटातून ओरडायचं. ‘मागे हो!’ ‘हात काढ!’ दोन-तीन शब्दांचं वाक्य, अहो-जाहो बंद, वाक्यात ‘प्लीज’ नाही. बसमध्ये कुणी लगट केली तर मोघम ओरडू नका, माणूस दाखवून बोला : ‘निळा शर्ट, हात काढ!’ मदत मागतानाही गर्दीला नव्हे, एकाला मागा : ‘काकू, माझ्याजवळ या,’ ‘चष्मेवाले दादा, ११२ ला फोन लावा.’ गर्दीतला प्रत्येकजण दुसरा कुणीतरी करील म्हणून थांबतो, नेमकं बोट दाखवलेला माणूस सहसा हलतो. आणि हेही मुलींना स्पष्ट सांगा की कधी कधी शरीर गोठतं. चांगल्या तयारीच्या माणसाचंही गोठतं. गोठणं म्हणजे संमती नव्हे आणि तो तिचा दोषही नव्हे. दोष हल्ला करणाऱ्याचाच.

कायद्याचं एवढं माहीत असू द्या. १ जुलै २०२४ पासून लागू झालेल्या भारतीय न्याय संहितेत कलम ३४ ते ४४ खासगी बचावाच्या हक्काची आहेत. अंगाला धोका आहे अशी वाजवी भीती वाटली की हा हक्क सुरू होतो, पहिला फटका खायची वाट बघावी लागत नाही. भीती संपली की हक्कही संपतो. बचावासाठी लागेल त्याहून जास्त इजा करायला कायदा संरक्षण देत नाही. समोरचा खाली पडला आणि आपण आणखी चार लाथा घातल्या, तर त्या चार लाथांपुरते आरोपी आपण. तेव्हा वाट मोकळी झाली की निघा, सुरक्षित जागी पोचा, ११२ ला फोन करा आणि जखमा सरकारी दवाखान्यात नोंदवून घ्या.

क्लासबद्दल उरलेल्या गोष्टी भराभर सांगतो. दोन वर्षांत ब्लॅक बेल्टची हमी आणि दर तिमाहीला परीक्षेची फी, हे लक्षण बरं नव्हे. पाडापाडी असेल तर खाली मॅट हवीच, जूदोची चांगली मॅट चार सेंटीमीटर जाड असते. डोक्याला फटका बसून चक्कर आली, मळमळलं, तर त्या दिवशी लढत बंद आणि पुढची लढत डॉक्टरांना विचारून. ‘चालतंय की’ म्हणणारे प्रशिक्षक मुलांच्या मेंदूशी खेळत असतात. दातांसाठी माउथगार्ड घ्या. नखं कापलेली, कपडे रोज धुतलेले हवेत, नाहीतर गजकर्ण अख्ख्या क्लासभर पसरतं. चाळिशीनंतर सुरू करणाऱ्यांनी गुडघ्याचं आणि कमरेचं जुनं दुखणं पहिल्याच दिवशी सांगून टाकावं. आठवड्यातून दोन-तीन दिवस आणि निदान एक वर्ष एवढी तयारी ठेवा. एका दिवसाच्या कार्यशाळेने डोळे उघडतात हे खरं, पण हात तयार होत नाहीत.

आणि पालकांना एक कळकळीची विनंती. जिथे पालकांना आत बसू देत नाहीत, जिथे ‘स्पेशल कोचिंग’साठी मुलाला किंवा मुलीला एकटं थांबवतात, जिथे डाव दाखवताना न विचारता अंगाला हात लावतात, तिथे आपलं मूल ठेवू नका. काही घडलं असेल तर १०९८ ही बालकांसाठीची हेल्पलाइन आहे आणि अशा प्रकरणांसाठी २०१२ चा पॉक्सो कायदा आहे. मुलगी ‘त्या सरांकडे मला जायचं नाही’ म्हणाली, तर वर्षाची फी भरली आहे म्हणून तिला पाठवू नका. आधी क्लास थांबवा, कारण नंतर शांतपणे विचारा.